आमची नव्हे, आपली

आमच्या शेजारची मुलगी आधी सॉलिसिटर होती, आता कौन्सिलर, म्हणजे नगरसेविका आहे. जन्म इथल्या, लंडनच्या इल्फर्डचाच, त्यामुळे मराठी अडखळत बोलते, पण हट्टाने बोलते. प्रचाराला आली तेव्हा माझ्या आईला म्हणाली, "काकू, आमचा लायब्ररी बंद होऊ देणार नाही."

"आमची म्हटलंस की त्यात मी नाही गं," आई म्हणाली. "आपली म्हण."

परवा कौन्सिलच्या मीटिंगला आई आणि मी गेलो. भाषणात ती इंग्रजीत म्हणाली, "माझ्या भाषेत 'अवर'ला दोन शब्द आहेत. त्यातल्या एकात ऐकणाराही येतो." मग सगळ्या सभागृहावर नजर फिरवून तिने मराठीत ठणकावलं, "आपला लायब्ररी."

माझी एकही चूक न सोडणारी आई टाळ्या वाजवत होती.