आमचे गावान असा कोन नाय बोलत

“काका, एक वाक्य बोला ना. अगदी घरी बोलता तसं. लाजू नका.”

वाशीच्या नाट्यगृहात मध्यंतर झालं होतं. बटाटेवड्याच्या काउंटरपाशी माझा बाप उभा. हातात कागदाची डिश, अंगात लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट. समोर सर. सर म्हणजे आमच्या पेपरचे नाट्यसमीक्षक. त्यांच्या रविवारच्या परीक्षणावर नाटकाचं बुकिंग चढायचं नि पडायचं. सरांच्या बाजूला नाटकाचा निर्माता, त्याची बायको, आणखी काही ओळखीचे चेहरे. सगळे बापाच्या तोंडाकडे बघत होते.

बाप गांगरला. म्हणाला, “काय बोलू? मना काय येत नाय.”

आणि सगळे खो खो हसले. निर्मात्याच्या बायकोने तोंडाला रुमाल लावला. बापाने काही विनोद केला नव्हता. त्याला खरंच काही सुचत नव्हतं.

“वा! ‘मना काय येत नाय’! क्या बात है. अजून बोला, अजून,” सर म्हणाले.

बापाला वाटलं, माणसं आपुलकीने विचारतायत. तो खुलला. “ह्यो नाट्यगृह हाय ना, त्याचे पलीकरं माझे मावशीचा शेत व्हता. आमी पोरां असताना भात कापाला यवाचो. मग शेत गेला. समद्यांचाच गेला.”

परत हशा. शेत गेलं, त्यालाही हशा! अरे, माणूस काय सांगतोय ते तरी ऐका. पण नाही. त्यांना शब्द ऐकूच येत नव्हते, फक्त हेल ऐकू येत होता. मी बापाचा दंड धरला. “चला बाबा, घंटा झाली.” घंटा झाली नव्हती. मला तिथून त्याला काढायचं होतं.

आम्ही पावणे गावचे आगरी. गावाभोवतीची शेती एमआयडीसीत गेली. बापाच्या भातशेतावर रंगाची कंपनी उभी राहिली आणि त्याच कंपनीत तो हेल्पर म्हणून लागला. मी वाशीच्या कॉलेजात बी. ए. केलं, टायपिंग केलं, तुर्भ्याच्या एका ऑफिसात चिकटले. संध्याकाळी पेपरच्या नवी मुंबई पानासाठी लिहायचे. आधी हळदीकुंकू, सोसायटीचे सत्यनारायण, वक्तृत्व स्पर्धा. मग हळूहळू एकांकिका, हौशी नाटकं. मोठी नाटकं सरांची. त्या दिवशी प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घ्यायच्या म्हणून मला दोन पास मिळाले होते, तिसऱ्या रांगेचे. बापाने जन्मात तिसऱ्या रांगेतून नाटक पाहिलं नव्हतं. आमच्या गावात तो ते आठवडाभर सांगत फिरला होता.

आणि मी कशी बोलायचे? एकदम पुस्तकी. शाळेत ‘पानी’ म्हटलं की बाई वर्गाला सांगायच्या, हसा रे हिला. वर्ग हसायचा. मी घासून घासून जीभ साफ केली. सर एकदा म्हणाले होते, “किती स्वच्छ बोलतेस गं तू. वाटत नाही इथली आहेस.” तेव्हा मी खूश झाले होते.

आता त्या नाटकाचं सांगते. त्यात एक गडी होता. खाडीकाठच्या गावातून मुंबईला एका बंगल्यात कामाला आलेला. मालक शहाणा, मालकीण शहाणी, कुत्रासुद्धा शहाणा. हा एकटा येडा. त्याने तोंड उघडलं की हॉल हसायचा. आणि भाषा? थोडी मालवणी, थोडी हिंदी, शेवटाला ‘हाय’ चिकटवलं की झाली आगरी. म्हणे दिग्दर्शकाने अभ्यास केला होता. कुठे केला, देव जाणे.

परतताना बसमध्ये, तुर्भे मागे पडल्यावर बाप म्हणाला, “बाय, ते मी सांगत व्हतो त्याला हासत व्हते, का मना?”

मी म्हटलं, “नाटक कसं वाटलं?”

“तो गडी कंचे गावचा दाखवला?”

“आपल्याकडचाच.”

बापाने मान हलवली. “नाय. आमचे गावान असा कोन नाय बोलत.”

रविवारी सरांचं परीक्षण आलं. अर्धं पान. अस्सल मातीचा गंध, खाडीचा खारा वारा, बोलीचा गोडवा, सगळा मालमसाला होता. आणि शेवटच्या परिच्छेदात हे: ‘मध्यंतरात एका वयस्क आगरी शेतकऱ्याला मी मुद्दाम विचारले. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, साहेब, हुबेहूब आमची भाषा! याहून मोठी पावती कोणती?’

मी ते उभ्यानेच वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांत पाणी? हुबेहूब? माझ्या बापाच्या तोंडून ज्याच्या बरोब्बर उलटं निघालं, तेच याने त्याच्या नावावर खपवलं. नाव तरी कुठे दिलं होतं? वयस्क आगरी शेतकरी, बस्स. एक आगरी म्हणजे सगळे आगरी.

त्याच दिवशी मी माझं परीक्षण लिहिलं. त्या गड्याची भाषा कुठलीच नाही, आणि त्याच्यावर हसणारा हॉल कशाला हसतोय, एवढंच विचारलं होतं. बापाचं खरं वाक्य वर टाकलं. पुरवणीच्या संपादकांकडे नेलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

“एवढं काय मनाला लावून घेता? वडिलांचं नाव कुठे छापलंय?”

“नाव नाही, म्हणूनच खोटं छापता आलं.”

“हे बघा, सरांच्या परीक्षणावर आम्ही आमच्याच पेपरात खुलासा छापायचा? आणि तुम्ही पासावर नाटक बघता. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं.”

सरांना फोन केला. मला वाटलं, त्यांना निदान लाज वाटेल. ते हसले. “अगं, समीक्षकाला थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं. तुझ्या बाबांच्या मनात तेच होतं. त्यांना सांगता येत नव्हतं, मी शब्द दिले.”

घ्या! माझ्या बापाला सांगता येत नव्हतं. सत्तर माणसांच्या बैठकीत गावकीचा तंटा मिटवणारा माझा बाप. त्याला म्हणे या माणसाने शब्द दिले. मी फोन ठेवला. पण करणार काय? माझं परीक्षण संपादकांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं आणि मी पुन्हा सोसायटीच्या बातम्या लिहायला लागले. रोज लिहायचे आणि रोज स्वतःवर चिडायचे.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग पेपरच्या ऑफिसात पेढे आले. सरांना वर्षातल्या उत्कृष्ट कलासमीक्षेचा पुरस्कार मिळाला होता. तोही याच परीक्षणाला! मानपत्रात लिहिलं होतं, की हा समीक्षक सामान्य माणसाच्या शेजारी बसून त्याचं मत ऐकतो. मी पेढा हातात घेतला आणि टेबलावर ठेवला.

संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. एरवी कधी पाणी विचारलं नव्हतं.

“वाशीतच सत्कार करतोय. त्याच नाट्यगृहात. तुमच्या वडिलांना आणा. पागोटं, धोतर, असा साज करून. त्यांच्या हस्ते सरांना नारळ द्यायचा. फोटो काय येईल!”

“माझा बाप शर्टपँट घालतो.”

“एका दिवसाचा प्रश्न आहे हो. आणि ऐका. सर आता मुंबईचीच नाटकं बघणार. इथली रविवारची जागा मोकळी होतेय. ती तुम्हाला द्यायचं मनात आहे. तुमच्या नावाने.”

खोटं कशाला बोलू? मला ती जागा हवी होती. जीव जळत होता तिच्यासाठी. रविवारच्या पानावर माझं नाव, माझं आडनाव, आमच्या गावातलं. टायपिंगच्या खुर्चीत बसून मी तेच स्वप्न बघत आले होते. मी ‘विचारते’ म्हणून बाहेर पडले.

घरी बाप ओट्यावर जाळं सांधत बसला होता. मी परीक्षणाचं कात्रण काढलं आणि त्याला वाचून दाखवलं. तोवर दाखवलंच नव्हतं. त्याने ऐकलं.

“मी असा बोललू?”

“नाय.”

“मग त्याना ह्या सांगला कोनी?”

“कोनीच नाय. त्यांनी आपला लिवला.”

कितीतरी वर्षांनी मी घरात घरच्यासारखी बोलले. सत्काराचं, पागोट्याचं, रविवारच्या जागेचं सगळं सांगितलं. बापाने माझ्याकडे बघितलं. “मी नाय गेलू तर तुजा काम जाईल?”

“जाईल.”

त्याने जाळ्याची गाठ ओढली. “मी पागोटा बांधून नाचाला नाय येत. तुजा तू बग,” म्हणाला आणि उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना सांगितलं, “वडील येणार नाहीत. ते वाक्य खोटं आहे, एवढं छापा. मग सरांना नारळ मी स्वतः देते.”

“मिजास बघा,” ते म्हणाले. तेवढ्यावर रविवारची जागा गेली.

सत्काराला मी गेले. मागच्या रांगेत बसले. निवेदक म्हणाला, आता भूमिपुत्रांच्या वतीने सरांना श्रीफळ. आणि विंगेतून धोतर-पागोट्यात कोण आला? नाटकातला गडी. तोच नट. माझा बाप मिळाला नाही तर त्यांनी नटाला बाप केला. माइकसमोर उभा राहून तो हात जोडत म्हणाला, “मी काय बोलू? मना काय येत नाय!”

हॉल कोसळला. माझ्या शेजारची बाई टाळी देत म्हणाली, “हे नाटकातलंच वाक्य. नवीन टाकलंय, काय भारी घेतो तो!”

माझ्या बापाचं वाक्य. वड्याच्या काउंटरवरून उचललेलं. प्रत्येक प्रयोगाला त्याच्यावर हशा वसूल होत होता. माझ्या कानशिलात कोणीतरी सणसणीत दिल्यासारखं झालं.

सर बोलायला उभे राहिले. पुन्हा तो शेतकरी, पुन्हा डोळ्यांत पाणी, पुन्हा हुबेहूब. आणि मी उभी राहिले.

“तो शेतकरी माझा बाप आहे. तो असं बोलला नव्हता.”

माना वळल्या. सरांनी मला ओळखलं, हसले. “ही आमची विद्यार्थिनी. जरा भावनाप्रधान आहे.” टाळ्या पडल्या. कोणीतरी ओरडलं, “बसा हो ताई!”

मग माझ्या तोंडून जे आलं ते माझ्याच भाषेत आलं. “मी नाय बसत. माझा बापूस बोलला, आमचे गावान असा कोन नाय बोलत.”

हसले. सगळा हॉल हसला. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. मी हसणं संपू दिलं. पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तसंच, हेल न लपवता. या वेळी थोडेच हसले. मी पुन्हा म्हटलं. आता कोणी हसलं नाही. त्या शांततेत सर पाण्याचा ग्लास शोधत होते. मग दोन कार्यकर्ते आले आणि मला दंडाला धरून दाराबाहेर सोडून गेले. आत सनईची कॅसेट लागली.

यातून काय झालं? काही नाही. पेपरने माझं लिहिणं बंद केलं. सरांचा पुरस्कार सरांच्या भिंतीवर आहे. नाटक जोरात चाललं आणि ‘मना काय येत नाय’ला हशा येतच राहिला. माझं परीक्षण जासईच्या एका छोट्या साप्ताहिकाने छापलं, माझ्या नावासकट. किती जणांनी वाचलं कोण जाणे. बापाने मात्र कधी परत नाटकाचं नाव काढलं नाही. मी दोनदा विचारलं, तो नको म्हणाला. त्याचं नाटक त्यांनी कायमचं तोडलं. हे मी माफ करणार नाही.

तेव्हापासून मी ठरवलं. आमच्यातला गडी, मोलकरीण, येडा, दारुड्या ज्या ज्या नाटकात असेल त्या नाटकाला मी जाणार. हसणाऱ्यांच्या मध्ये बसणार, न हसता. आणि लिहिणार. कोणी छापो न छापो, कोणाच्या तोंडी न बोललेलं वाक्य न घालता लिहिणार. जीभ आता घासायची नाही.

परवा नवं नाटक लागलं. खिडकीतल्या माणसाने मला ओळखलं. “मॅडम, पेपरवाल्या ना तुम्ही? पास ठेवू का?”

“पास नको,” मी म्हटलं. “तिकीट दे. आनी आतमदी सांग, मी आयलेय.”