एक हात उंचीचं स्टूल

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्या नव्या कचेरीत माणसांपेक्षा खोकी जास्त आली होती. टाइपरायटर, घड्याळं, काचेची तावदानं, सगळं देवदाराच्या खोक्यांतून यायचं. सामान आत जायचं आणि खोकी मागच्या अंगणात पडायची. शिपाई ती फोडून सरपणाला घरी न्यायचे. एका शनिवारी मी त्यांच्यातल्या एकाला म्हणाले, "चार फळ्या मला राहू द्या." त्याने फळ्या खोलीवर आणून टाकल्या, पण जाताना न राहवून विचारलंच, "बाई, स्टो बिघडला का?"

स्टो बिघडला नव्हता. माझं काहीच बिघडलेलं नव्हतं, अडचण तीच होती. मी तिथे कारकून होते, एकटी होते, लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही हा वेगळा विषय आहे आणि तो लोकांनीच इतका चघळला आहे की मी त्यात भर घालत नाही. सोमवार ते शनिवार फायली होत्या. रविवार मात्र सकाळी नऊ वाजताच संपून जायचा आणि उरलेला दिवस तसाच समोर बसून राहायचा. एरवी बायकांना रविवारी धुणं असतं, घासपूस असते. त्या वर्षी पाऊस नव्हता. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. दोन घागरी पाण्यात काय धुणार आणि काय पुसणार? दुष्काळाने माझी कामंसुद्धा कमी करून टाकली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, माझा तेरावा महिना दर आठवड्याला यायचा.

गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या सुताराचं पत्र्याचं शेड होतं. पाऊसच नाही म्हटल्यावर औतं, तिफणी दुरुस्तीला कोण आणणार? ते दिवसभर बिडी ओढत बसलेले असायचे. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. फळ्या घेऊन गेले तेव्हा त्यांनी त्या नखाने टोकरून पाहिल्या.

"काय करायचं हाय याचं?"

"काहीही. मला शिकवा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं. "लाकूडबी कच्चं, शिकणारीबी कच्ची," ते म्हणाले. "चला, कुणाचंच नुकसान न्हाई."

पहिला रविवार नुसते खिळे काढण्यात गेला. काढलेले खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे, हाही त्यांच्या शिकवण्याचाच भाग होता. त्यानंतर मी खुंट्यांची पट्टी केली. एक फळी, पाच भोकं, पाच बाभळीच्या खुंट्या. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, कारण यात चुकायला जागाच कमी असते. पट्टी भिंतीला लावली आणि एकीवर टॉवेल, एकीवर पिशवी, एकीवर छत्री अडकवली. पाऊस नसलेल्या वर्षी छत्री. उरलेल्या दोन खुंट्यांना अडकवायला माझ्याकडे काही नव्हतं. घरात दुसरं माणूस असतं तर त्या भरल्या असत्या, हा विचार मला पट्टी करण्याआधी सुचायला हवा होता.

मग पाट केला. पाटाला दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवून खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकायच्या, एवढंच. पण फळ्या सारख्या लांबीच्या हव्यात, आणि तिथे करवत आली. पेन्सिलीने रेघ मारली, बरोबर रेघेवर करवत धरली आणि कापलं. मामांनी तुकडा हातात घेतला.

"रेघ कुठं गेली?"

"कापली की."

"खाल्लीत. रेघ खायची नसती, बाई. रेघ लाकडावर दिसत राहिली पाहिजे, करवत तिच्या बाजूनं गेली पाहिजे."

मी म्हणाले करवतच वाकडी चालते. मामा म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मग मी रागाने दुसरी फळी कापली आणि तीही वाकडी गेली. मला लहानपणापासून हा राग आहे, कामात उतरतो. मामांनी माझ्या हातातून करवत काढून घेतली. "लाकडाशी कशाला भांडायलाव? ते तर मेलेलं हाय. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी जाऊन भांडा."

ते सहज बोलले असतील. मला मात्र ते लागलं, कारण ज्यांच्याशी भांडायचं होतं त्यांच्याशी मी भांडूनच आले होते.

माझे वडील, आबा, इस्लापूरला एकटेच राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. उभा जन्म त्यांनी किनवटकडच्या लाकडाच्या डेपोवर राखणदारी केली. साग सोडून बाकी सगळं सरपण, हे त्यांचं मत. मी नांदेडला नोकरीला होते तोवर दर शनिवारी इस्लापूरला जायचे. मग लातूर वेगळा जिल्हा झाला, माणसं हवी होती, बढती मिळत होती. मी त्यांना न विचारता अर्ज केला आणि हुकूम हातात आल्यावर सांगितलं. ते ओट्यावर बसले होते. तिथूनच म्हणाले, "जिथं प्यायला पाणी न्हाई तिथं जिल्हा करून काय करतेत?"

मी म्हणाले, "इथं पाणी आहे, पण बोलायला कोण आहे?"

ते समोर बसलेले असताना मी हे म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं, त्यांनाही कळलं. ते उठून आत गेले आणि माझी ट्रंक बांधायला दोरी घेऊन आले. त्यानंतर आठ महिने मी इस्लापूरला गेले नाही. आधी राग होता, मग लाज होती, आणि लाज रागापेक्षा जास्त दिवस टिकते. पत्रं चालू होती. 'तब्येत बरी आहे. पाऊस नाही.' दोन्हीकडून तेच.

पाट झाल्यावर मामांनी विचारलं, आता काय करायचं. मी म्हणाले, स्टूल. त्यासाठी कचेरीतून आणखी दोन खोक्यांच्या फळ्या आणल्या. आबांचे गुडघे धरले होते, त्यांना खाली बसवत नव्हतं. माझ्या खोलीत बसायला पाट होता, सतरंजी होती, म्हणजे त्यांच्या जोगं काहीच नव्हतं. स्टूल झालं तर ते येतील, असं मी स्वतःला पटवून टाकलं. या म्हणून लिहायचं धाडस नव्हतं, म्हणून कार्डावर लिहिलं, 'तुम्हाला बसायला किती उंच लागेल ते कळवा.' उलट टपाली उत्तर आलं. 'एक हात. तब्येत बरी आहे.'

कार्ड घेऊन मी शेडमध्ये गेले. कोपर फळीच्या कडेला टेकवलं, मधल्या बोटाच्या टोकाशी खूण करायला पेन्सिल उचलली.

"कुणाचा हात?" मामांनी विचारलं.

मी थांबले. खरंच की, हात म्हणजे कुणाचा?

"बसायचं कुणाला?"

"आबांना."

"मग त्यांचा हात. ज्याला बसायचं त्याच्या हातानं माप घेत्यात. जावा, सुतळीनं माप घेऊन या."

मी म्हणाले, जायची गरज नाही, मला माहीत आहे. आबांचा हात माझ्यापेक्षा चांगला चार बोटं लांब. लहानपणी डेपोवर ओंडक्याच्या पलीकडून ते हात घालायचे आणि मला उचलून अलीकडे घ्यायचे. मामा म्हणाले, "बघा बुवा. लाकूड कमी करता येतंय, वाढवता येत न्हाई. जास्तच धरा." माझा हात अधिक चार बोटं, अशी खूण मी केली. रेघ खाल्ली नाही.

स्टूल व्हायला पाच रविवार लागले. मधल्या एका अमावस्येला मामांचं शेड बंद होतं, त्या दिवशी ते हत्याराला हात लावत नसत. तो रविवार मी भिंतीकडे बघत काढला, आणि पट्टीवरच्या त्या दोन रिकाम्या खुंट्या उपटून टाकाव्यात असं दोनदा वाटलं. चार पाय, वर तीन फळ्या, पाय हलू नयेत म्हणून चारी बाजूंनी आडव्या पट्ट्या. खोक्यावर नाजूक मालासाठी छापलेलं पेल्याचं चित्र बरोबर बैठकीच्या मधोमध आलं. रंध्याने काढता आलं असतं, पण मी राहू दिलं. शेवटी मामांनी स्टूल जमिनीवर ठेवून एकेका कोपऱ्यावर दाबलं. ते हललं नाही. "जमलं," ते म्हणाले. इतकंच म्हणाले, पण कचेरीत बढतीच्या दिवशी मला एवढा आनंद झाला नव्हता.

आता ते खोलीत ठेवून आबांची वाट बघायची, असं ठरलेलं होतं. पंधरा दिवस त्यावर मी पाण्याची घागर ठेवली. मग स्वतःचीच चीड आली. शुक्रवारी रजेचा अर्ज टाकला आणि शनिवारी स्टूल उचलून एसटीत चढले.

कंडक्टर म्हणाला, "बाई, सीट घरून घेऊन आलाव का?" गाडी हसली. गर्दी होती, एक म्हातारी उभी होती. मी स्टूल मधल्या वाटेत ठेवलं, ती अहमदपूरपर्यंत त्यावर बसून आली. उतरताना तिने बैठकीवरून हात फिरवला. नांदेडला गाडी बदलली. भोकरच्या पुढे रान सुरू झालं, तेही वाळलेलं. सहस्रकुंडच्या धबधब्याला नुसते दगड उरलेत, असं मागच्या बाकावर कुणी सांगत होतं.

आबा ओट्यावर उभे होते. मी येणार हे त्यांना कळवलेलं नव्हतं. त्यांनी आधी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणी केलं?"

"मी."

"तू?" त्यांनी ते उलटं केलं, खिळे पाहिले, फळीचा वास घेतला. "खोक्याचं हाय."

"हो. साग परवडत नाही."

"हे चित्र कशाचं?"

"पेल्याचं. नाजूक माल आहे, जपून ठेवा म्हणून."

"हाव. म्हणजे माझ्यासाठीच हाय," ते म्हणाले आणि बसले.

त्यांचे पाय जमिनीला लागले नाहीत. टाचा चांगल्या वर राहिल्या, अंगठे कसेबसे टेकले. शाळेतलं पोर मास्तरांच्या खुर्चीत बसावं तसे ते दिसत होते. मला आधी हसू आलं. मग मी जवळ गेले, त्यांचा हात हातात घेतला आणि कोपराला कोपर लावून माझा हात त्याच्याशी धरला. माझी बोटं त्यांच्या बोटांच्या वर निघाली. त्यांचा पंजा आता पुरता उघडत नव्हता, मनगट बारीक झालं होतं. हे सगळं या आठ महिन्यांत झालेलं नव्हतं, दर शनिवारी येत होते तेव्हाही हळूहळू होतच असणार. मी दर शनिवारी येऊन काय पाहत होते कोण जाणे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आबा म्हणाले, "रडून काय करती माय? कमी कर. लाकूडच हाय."

त्यांच्याकडे डेपोच्या काळातली करवत होती. त्यांचा हात सुतळीने मोजला, पायांवर रेघा मारल्या. आबांनी स्टूल आडवं करून गुडघ्यांनी दाबून धरलं आणि मी कापलं. मध्येच ते म्हणाले, "रेघ ठेवून राहिली का? कोणी शिकवलं?" मी मामांबद्दल सांगितलं. बोलता बोलता खोलीबद्दल, टँकरबद्दल, कचेरीबद्दलही सांगितलं. एका दिवसात आम्ही आठ महिन्यांचं बोललो. कापलेले चार तुकडे त्यांनी चुलीत घातले आणि त्यावर चहा केला. मग ते स्टुलावर बसले. आता टाचा बरोबर टेकल्या.

"इथंच ठेवून जाय," ते म्हणाले.

मी काहीच म्हटलं नव्हतं. स्टूल लातूरच्या खोलीसाठी आहे, तुम्ही यावं म्हणून केलं आहे, हे मी एकदाही बोलले नव्हते. पण त्यांना ते पहिल्या कार्डापासूनच कळलेलं असणार. ते चहाकडे बघत म्हणाले, "या वयात नवं गाव होत न्हाई माय."

मला राग आला. कबूल करते, स्टूल ठेवून घेतलं आणि तूही राहा असं तोंडदेखलंसुद्धा म्हणाले नाहीत, याचा राग आला. म्हणाले असते तर मी राहिले नसतेच. तरी म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. त्यांच्या चालीने बराच वेळ लागला. गाडी यायची होती. रस्त्यावर आम्ही दोघंच उभे होतो. पिशवीची गाठ उगाच सोडून बांधता बांधता मी म्हणाले, "आबा, मला तिथं करमत न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी ज्या बाजूने येणार तिकडेच बघत राहिले.

"मला तरी इथं कुठं करमतंय," ते म्हणाले.

मग गाडी आली. त्यांनी पिशवी आत दिली आणि पोचल्याचं कार्ड टाक म्हणाले.