आत्याचं अर्धं राहिलेलं रडणं

बाबांनी आयुष्यभर पत्रकं वाटली. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. तेराव्याचा खर्च, जेवणावळी, हेल काढून रडणं, हे सगळं बंद करा, असं एक पत्रक आम्ही दोघांनी मिळून लिहिलं होतं. त्यामुळे बाबा गेले तेव्हा मला कसलीच शंका नव्हती.

केदारखेड्याहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. दारातच तिनं हेल काढला. तिच्यासोबत आलेल्या चार बाया मागे बसल्या. आत्या एकेक ओळ म्हणायची, बाया तिचा शेवट उचलून धरायच्या. बाबांच्या जन्मापासूनचं, लहानपणीचं ती सांगायला लागली होती. मी समोर जाऊन म्हणाले, "आत्या, हे बंद कर. बाबांना चाललं नसतं."

ती गप्प झाली. बायाही गप्प झाल्या. मग मी भाषण केलं. चांगलं झालं, असं लोक म्हणाले.

दोन वर्षांनी जालन्यातल्या मस्तगडात एका खोलीवर आम्ही नाटक बसवत होतो. भट्टीत भाजून मेलेल्या मजुराचं, मीच लिहिलेलं. त्यात सात जणांचा कोरस होता आणि सातही जण घोषणा दिल्यासारखे रडत होते. म्हणून मी जुन्या ग्रीक शोकांतिकेबद्दल वाचायला घेतलं. तिथं आधी नट नव्हताच. देवाच्या उत्सवात गाणारा, नाचणारा समूह तेवढा होता. त्यातून एक माणूस पुढं आला, समूहाशी बोलू लागला, आणि अडीच हजार वर्षांनी आम्ही जालन्यात तेच करत होतो. पुढं लिहिलं होतं की ही नाटकं जिथं होत, त्याच शहरानं बायकांच्या मोठ्यानं शोक करण्यावर कायद्यानं बंधनं घातली होती. आणि रंगमंचावर पुरुष बायकांचे मुखवटे लावून तोच शोक गात राहिले. मी संतापले. संतापात दोन पानं लिहिली. तिसऱ्या पानावर हात थांबला. आमच्या घरात तो कायदा मी केला होता.

मी केदारखेड्याला गेले. आत्या तूर निवडत होती. माझं चुकलं, असं म्हणाले, नाटकाचं सांगितलं, आणि त्या दिवशीचं पुढचं सांग, अशी विनंती केली.

"ते त्या दिवशीचं व्हतं, माय," ती म्हणाली. "आता न्हाई येत." तूर निवडता निवडता तिनं विचारलं, "तुह्या नाटकात कोण रडतंय?"

"कॉलेजातली सात पोरं-पोरी."

"त्यायचं कोण गेलंय?"

"कुणी नाही."

"मंग कशाचं रडतेत बिचारे? आधी सांग तरी त्यायला, कोण गेलं ते."

दुसऱ्या दिवशी तालमीत मी संहिता बाजूला ठेवली आणि बाबांबद्दल सांगू लागले. मोर्चे, सभा, तुरुंगातले अकरा दिवस. सातही जण जवळ सरकून बसले. एकीनं विचारलं, लहानपणी कसे होते ते?

मला ते माहीत नव्हतं.