बसायचे पैसे

पहाटे साडेचारला ओळंब्याचा दिवस सुरू व्हायचा. काम सुटून सहा वर्षं झाली होती, कुठल्याच इमारतीवर त्याची कुणी वाट बघत नव्हतं, तरी डोळा साडेचारलाच उघडायचा. मग तो अंथरुणावर बसून स्वतःलाच म्हणायचा, "उठलास? शाबास. आता कुठला डोंगर फोडणार आहेस?" आणि चहा टाकायचा.

ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन; ते काही त्याचं नाव नव्हे. पण भिंत कुणीही बांधलेली असो, एक डोळा मिटून ती कुठं कलली आहे ते सांगितल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून बरोबरच्या गवंड्यांनी ते नाव पाडलं. जन्मभर लोकांच्या भिंतींना गिलावा करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घराची मागची भिंत मात्र अजून उघडीच होती. विटा दिसायच्या. मजुरीतून मागं टाकलेले पैसे त्या भिंतीच्या नावानं बँकेत पडून होते आणि भिंत पुढच्या वर्षी नक्की होणार होती. हे पुढचं वर्ष काही केल्या येत नव्हतं.

बायको गेल्यापासून घरात तो आणि त्याची थोरली बहीण. आईमागं आक्कानंच त्याला वाढवलं होतं. ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "यांना एकटं ठेवायचं नाही. पुन्हा पडल्या तर उठतील याची खात्री मी देणार नाही."

परगावी असलेल्या त्याच्या मुलीनं फोनवर पत्ता दिला. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या बाया पुरवणारं केंद्र होतं ते. टेबलामागच्या बाईनं बारा तासांच्या दिवसपाळीचा दर सांगितला. ओळंब्यानं तो पुन्हा विचारला. पुन्हा तोच आला.

"यात हात किती वेळ चालतात?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, औषध, कूस बदलणं. मी घरी हिशेब करून आलोय. सगळं मिळून दोन तास. बाकीचा वेळ तुमची बाई काय करते?"

"बसते."

"मग तिच्या बसायचे पैसे मी का द्यायचे? त्यापेक्षा उक्तं ठरवा. एका आंघोळीचे अमुक, एका जेवणाचे तमुक. काम झालं की बाई मोकळी आणि मीही मोकळा."

टेबलामागची बाई त्याच्याकडं बघतच राहिली. "आजोबा, तुम्ही बहिणीची सेवा करून घेताय की तिला गिलावा?"

आपण चांगलं सुनावलं, अशा समजुतीत ओळंबा घरी आला आणि मुलीला फोनवर म्हणाला, "लुटायला बसलेत नुसते. मीच करतो."

"बाबा, तुम्हाला स्वतःचा शर्ट घडी करता येत नाही!"

"शर्ट कोण घडी करतोय? आक्काला सांभाळायचंय."

दुसऱ्या दिवशी तो कामाला भिडला. आक्काला बसती करायला त्यानं तिच्या काखेत हात घातले आणि सवयीनं दणका दिला.

"अरे मेल्या, सिमेंटची गोणी आहे का मी?"

"गोणी बरी. बोलत तरी नाही."

तरी सगळं झालं, आणि दोन तासांच्या आत झालं. गोळ्या, चष्मा, पाण्याचा पेला त्यानं पलंगाशेजारच्या टेबलावर एका रेषेत मांडून ठेवले, डोळा मिटून रेष तपासली आणि खूश होऊन फेरी मारायला बाहेर पडला. चौकात एक इमारत चढत होती. तिचा कोपरा बाहेर गेलेला त्याला लांबूनच दिसला. मग काय, तिथल्या पोरांना तो सरळ कसा करायचा हे समजावण्यात त्याचं भान हरपलं.

परत आला तेव्हा आक्का अर्धी पलंगावर आणि अर्धी खाली होती. दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरलेला. रेषेतल्या शेवटच्या पेल्यापर्यंत तिचा हात पुरला नव्हता. ती किती वेळ अशी लोंबकळत होती, कोण जाणे. ओळंब्यानं तिला उचललं. या वेळी दणका दिला नाही.

श्वास जागेवर आल्यावर आक्कानं विचारलं, "काय रे धाकट्या, झाली का कुणाची भिंत सरळ?"

त्यानं खुर्ची ओढली आणि पलंगाशी बसला. आता हलायचंच नाही, असं ठरवून बसला. परांचीवर दिवस दिवस उभा राहिलेला गडी, पण नुसतं बसून एका माणसावर लक्ष ठेवणं त्याला झेपेना. आधी पाठ धरली. मग पायाला मुंग्या आल्या. मग खिडकीची चौकट किंचित कललेली दिसली आणि मन तिकडं गेलं. शेवटी हनुवटी छातीला टेकली.

"ए!" आक्कानं हाक मारली. "कोण कोणावर लक्ष ठेवतंय?"

तो दचकून सावरला. "झोपलो नव्हतो."

"घोरत कोण होतं मग, खुर्ची?" मग आक्का म्हणाली, "तो तुझा मालक आठवतो का रे? गिलावा झाल्यावर आठवडाभर भिंतीवर पाणी मारलंस आणि त्यानं तेवढी मजुरी कापली. म्हणाला, नळी धरून उभं राहायचे कसले पैसे?"

"आठवतो ना! चोर लेकाचा. पाणी मारायला माणूस नसला तर केलेला गिलावा सगळा तडकून जातो. थापी चालत नाही म्हणजे काम नाही, असं ज्याला वाटतं त्या गाढवाला—"

ओळंब्याची नजर आपण बसलेल्या खुर्चीवर गेली.

"बोल की," आक्का म्हणाली. "त्या गाढवाला काय?"

दुसऱ्या दिवशी शेजारणीला आक्कापाशी बसवून तो केंद्रावर गेला. टेबलामागच्या बाईनं त्याला लगेच ओळखलं. "या. किती आंघोळी देऊ?"

"आंघोळीचं राहू द्या," ओळंबा म्हणाला. "मला बसणारी बाई पाहिजे. चांगली बसणारी."

"आणि रात्रपाळी?"

"ती माझी. साडेचारला तसंही उठतोच, आता झोपायचंच नाही एवढाच फरक. दिवसा तुमची बाई, तेव्हा मी झोपेन." मग खिशातलं बँकेचं पुस्तक त्यानं तिच्यापुढं ठेवलं. "एवढ्यात आक्का काठी घेऊन चालेपर्यंत निभेल का, ते सांगा."

तिनं आकडेमोड केली. "निभेल. पण हाती काही उरणार नाही."

"उरून तरी काय करणार होतो? भिंतीला गिलावाच करणार होतो."

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. अंगानं किरकोळ, बोलणं बेताचं. पाण्याचा पेला तिनं आधी उचलून आक्काच्या हाताशी ठेवला. मांडलेली रेष मोडली. ओळंबा दारात उभा राहून एक डोळा मिटून तिच्यात खोट शोधत होता. कामं उरकल्यावर ती खुर्चीत बसली. खरंच नुसती बसली. आक्काला डुलकी लागली. झोपेत तिचा पाय पलंगाच्या कडेला सरकला, आणि ओळंबा "अगं" म्हणेपर्यंत बाईचा हात तिथं पोचलाही होता. पाय आत सरकवून ती पुन्हा बसली.

"आजोबा, तुम्ही आता आडवे व्हा," ती हळूच म्हणाली. "दोघांनी जागून काय करायचंय?"

ओळंबा मागच्या खोलीत गेला. उघड्या विटांच्या भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. मधली एक ओळ जराशी चढली होती. त्यानंच रचलेली. इतक्या वर्षांत ती त्याला कधी दिसली नव्हती. आता गिलाव्याखाली झाकायचीही सोय राहिली नव्हती, कारण उन्हातान्हात कमावलेले ते सगळे पैसे पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसले होते आणि आक्काकडं बघत होते.

त्याला भरदुपारी गाढ झोप लागली.