सावळीरामचं दूध

सावळीराम आमच्या पाटबंधारे कार्यालयात शिपाई होता. १९७९ पासून त्याचं पोट जळजळायचं. तेव्हाचे डॉक्टर सांगत, आम्ल वाढलंय. तिखट सोडा, काळजी सोडा, दर दोन तासांनी दूध घ्या. त्यानं तिखट सोडलं, दूध धरलं. काळजी सुटली नाही, कारण थोरला भाऊ बहिरू पोटाच्या कॅन्सरनं गेला होता, आणि त्याचीही सुरुवात जळजळीनंच झाली होती.

१९९९ साली सावळीरामचं वजन सहा किलोनं उतरलं. मी त्याला पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडातून नळी घालून आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस तो फायली भलत्याच टेबलांवर ठेवत होता.

"कॅन्सर नाही. जुनी सूज आहे, जंतूंमुळे," डॉक्टर म्हणाले.

"आम्लात जंतू जगतील कसे, साहेब?" सावळीरामनं विचारलं.

"आम्हीही हेच शिकलो होतो. ते चूक निघालं. चौदा दिवस गोळ्या घ्या. सूज तशीच राहिली, तर काहींना पुढे कॅन्सरचा धोका असतो."

सावळीरामनं एवढं शेवटचंच ऐकलं.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं. जंतू जागच्या जागी.

"भाऊसाहेब," तो मला म्हणाला, "बहिरूलाही औषध लागू पडत नव्हतं."

त्याची बायको यशोदाबाई डॉक्टरांवरच उखडली. "एक गोळी चुकली नाही यांची! दुधाचा पेला भरून मी समोर उभी राहायचे."

"प्रत्येक गोळी दुधाबरोबर?"

"मग! वीस वर्षं तुम्ही डॉक्टर लोकच सांगताय ना, पोटाला दूध चांगलं?"

"यातलं एक औषध दुधाबरोबर घेतलं की अंगी लागतच नाही," डॉक्टर म्हणाले. "आधीच विचारायला हवं होतं मी. पुन्हा चौदा दिवस, नुसत्या पाण्याबरोबर."

दुधावाचून पोट आतून जळेल, या भीतीनं सावळीराम गोळी हातात धरून बसायचा.

"गोळी आहे ती, निखारा नाही. गिळा!" यशोदाबाई ओरडायची.

या वेळी जंतू गेले. जळजळही थांबली. पण इतक्या वर्षांच्या सुजेनं आतलं अस्तर पातळ झालंय, धोका पुरता गेला नाही, दर तीन वर्षांनी नळी घालून बघत राहू, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता २००६ चालू आहे. तो निवृत्त झाला, मी पुढच्या वर्षी होईन. गेल्या आठवड्यात तपासणीला मीच सोबत होतो. आत जाताना त्यानं माझा हात धरला.

"जंतू गेले हो भाऊसाहेब. पण वीस वर्षं ते आत काय करत होते, ते कोण सांगणार?"

दार लागलं. मी बाकावर बसून राहिलो.