उलामिलाच्या चाकातलं शिसं कुठे गेलं

उलामिलाच्या तोंडी लागायची छाती वाइलेका गावच्या अख्ख्या बाजारात कुणाची नव्हती. बाई धिप्पाड, आणि हसायला लागली की पलीकडच्या भाजीवाल्या गिऱ्हाईक सोडून इकडे बघायच्या. बसस्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं टायरचं दुकान होतं, बापाकडून आलेलं. बाप गेल्यावर भाऊ म्हणाले, "हे काही बाईमाणसाचं काम नाही, विकून टाकू." तिने त्यांच्यासमोर लॉरीचं चाक एकटीने उतरवलं आणि विचारलं, "हां, आता बोला." दुकान तिच्याकडेच राहिलं. त्याला बावीस वर्षं झाली.

टायर काय, कुणीही बदलतं. उलामिलाचं नाव होतं ते चाक समतोल करण्यात. चाकाची एक बाजू जराशी जड असली की गाडी वेगात थरथरते. ती चाक मापावर आडवं ठेवायची. मापात तेल, तेलात बुडबुडा. तो मधोमध येईपर्यंत हलक्या बाजूला, रिमच्या काठावर, शिशाचे तुकडे ठोकायचे. प्रत्येक तुकड्यावर ती छिन्नीने तीन रेघा मारायची, बाप मारायचा तशाच.

अशा बाईवर मुर्गेसनच्या व्हॅनने नामुष्की आणली. मुर्गेसन रोज बाजारच्या बायकांची तवुआ शहराच्या रस्त्याने गावोगाव ने-आण करायचा. सोमवारी पुढची दोन्ही चाकं उलामिलाने नीट करून दिली. बुधवारी तो परत दारात.

"दीदी, सत्तरला स्टिअरिंग असं नाचतंय, माझे दातसुद्धा वाजतात."

तिने चाकं काढली, मापावर घातली. बुडबुडा पार कडेला. परत शिसं ठोकलं. शुक्रवारी गाडी पुन्हा दारात, आणि या खेपेला बायकाही खाली उतरल्या.

"माझी अकरा अंडी फुटली गं!" म्हातारी व्हिलिसी ओरडली. "हात थकले असतील तर सांग की सरळ!"

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मुर्गेसन खाली मान घालून म्हणाला, "दीदी, या सगळ्या दुसऱ्या गाडीने जायचं म्हणतायत. मला गाडी बा शहरात न्यावी लागेल. तिथे मशीन आहे."

उलामिलाला हे फार लागलं. पण तोंड कसलं आवरतंय! भर बाजारात म्हणाली, "आता पुन्हा गाडी हादरली तर हे माप समुद्रात टाकते आणि तुमच्या शेजारी कसाव्याचे कंद विकायला बसते!"

बोलून तर गेली. शेडमध्ये आल्यावर मात्र स्वतःच्याच हातांकडे बघत राहिली. खरंच हाताला खोट आली असेल तर? आपल्याला दुसरं येतं तरी काय? तिने व्हॅनचं चाक काढून मांडीवर घेतलं, रिमवरून बोट फिरवलं आणि बोट अडलं. शिसं होतं त्या जागी नुसता चकचकीत डाग. तुकडा पडला नव्हता, कुणीतरी पकडीने उपटला होता.

"मुर्गेसन, गाडी दुपारी कुठे लावतोस?"

"धक्क्यावर. सावली असते ना."

उलामिला तरातरा धक्क्यावर गेली. तिथे तिची मामेबहीण सलासेइनी गळ टाकून बसली होती. शेजारी बादलीभर मासे. दोरीच्या टोकाला वजन होतं शिशाचं, आणि त्यावर तीन रेघा.

"सटवे! मुर्गेसनच्या गाडीचं शिसं काढलंस?"

"मुर्गेसनचं कशाला काढू? मी काय चोर आहे?" सलासेइनीला खरोखरच राग आला. "तुझ्या रेघा बघितल्या, तुझं म्हणून घेतलं. तुझं ते माझं. तू परत लावलंस, मी परत घेतलं. म्हटलं, पोर किती जीव लावते!"

आमच्या बेटावर रीतच अशी, आतेमामे बहिणींनी एकमेकींचं न विचारता उचलायचं आणि जिचं गेलं तिने रागवायचं नाही. रागावली तर तिचंच हसं. मग उलामिलाला जे हसू फुटलं, ते धक्क्यावरच फतकल मारून बसेपर्यंत थांबेना. हात शाबूत होता! शेवटी डोळे पुसून ती उठली आणि मासळीची बादलीच उचलली.

"अगं, माझे मासे!"

"तुझे ते माझे. आणि शिसं हवं तर दुकानात ये, जुन्या तुकड्यांचा डबा भरलाय. गाडीला हात लावलास तर तुलाच चाकाला बांधेन."

त्या दुपारी तिने चारही चाकं मापावर घातली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला, तरी दोनदा पुन्हा तपासलं. पाच वाजता बायका नाकं मुरडत व्हॅनमध्ये चढल्या. मुर्गेसन निघाला. उलामिला शेडच्या दारात उभी राहिली ती रस्ता रिकामा झाला तरी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्हिलिसी म्हातारी शेडमध्ये घुसली. मागे सगळ्या जणी, तोंडं फुगवून. उलामिलाने आधी मापाकडे बघितलं.

"काय केलंस गं बये? सगळ्या झोपलो ना आम्ही! एकीलाही आपला फाटा कळला नाही. तो मेला गाणी म्हणत बसला, थेट तवुआला जाऊन थांबला. चुली पेटायला आठ वाजले!"

"अंडी?" उलामिलाने घाबरत विचारलं.

"अंड्यांना काय धाड भरलीय? तीसुद्धा झोपली होती." म्हातारीने तिचा तेलाने काळाकुट्ट झालेला हात धरून गालाला लावला. "आज थोडी तरी हादरव गं बाई. घरी जायचंय आम्हाला."