धुडकूनानांनी झाकलेलं ऊन

सुरतेतल्या डिंडोलीच्या धुडकूनानांची हयात कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेली. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं, नाहीतर हातवारे करायचे. बायको, प्रमिलाबाई, गेली आणि ओरडायलाही कुणी उरलं नाही. तेव्हा नानांनी नव्या चर्चची रखवाली धरली. बाहेरून गोदाम वाटावं असं कोरं, पांढरं चर्च. आत ना खांब, ना चित्र. एका भिंतीत फक्त उभी काचेची फट, आणि तिच्यातून बाकांवर उतरणारं ऊन. रविवारी माणसं येत, प्रार्थना करून जात. एरवी एवढी मोठी जागा आणि एकटे नाना. खोकले तर भिंत उलट खोकायची, तेवढीच सोबत.

मग मुलाचा, योगराजचा, पलसाण्याहून फोन आला. "नाना, रविवारी येतो तुमचं चर्च बघायला." लग्न करून वेगळा झाल्यापासून तो पहिल्यांदाच येणार होता. नानांनी बाकं पुसली, पुन्हा पुसली. पुसता पुसता ध्यानात आलं, उन्हानं पॉलिश विटतंय! लूमवर रंगीत सुतावर तिरीप पडली की शेठ बोंबलायचा, म्हणून खिडक्यांना कोरं कापड ठोकायचं; हे नानांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी शिडी लावली आणि फट झाकून टाकली.

शनिवारी फादर आले. माणूस वसईचा, म्हणून मराठी.

"नाना, लाइट गेली का हो?"

"नही फादर. बाकंस्ना रंग उडी जाई ना!"

फादर हसत सुटले. "अहो, चित्र नको, मूर्ती नको, नुसतं ऊन येऊ द्या, म्हणून तर ही भिंत चिरली! आर्किटेक्टनं पाहिलं तर शिडीखालीच आडवा होईल."

"पन उद्या मना पोऱ्या यी ऱ्हायना, चर्च देखाले..."

 "मग त्याला ऊनच दाखवा," फादर म्हणाले, आणि शिडी धरून उभे राहिले. नानांनी कापड उतरवलं.

रविवारी प्रार्थना संपली, गाड्या गेल्या. नाना इस्त्रीच्या शर्टात बसून राहिले. ऊन बाकांवरून सरकत होतं, तसे तेही बाक बदलत होते. योगराज दारात आला की बाप उजेडात दिसायला हवा ना!

फोन वाजला.

"नाना, ओव्हरटाइम लागला. तसं काय आहे तिथं बघायला?"

नानांनी मान वर केली.

"काही नही रे. तू जेवना का?"

"हो, हो. ठेवतो."

नाना तसेच बसले होते. उजेडात एकटा माणूस फारच एकटा दिसतो. ते उठले आणि पलीकडच्या सावलीतल्या बाकावर जाऊन बसले.